दोन पावसाळे काढलेला खिशातला कॅमेरा

कॅमेरा घेऊन आठ दिवस झालेल्या माणसाला तो कसा आहे असं विचारू नये. त्याला सगळंच आवडलेलं असतं. पैसे नुकतेच गेलेले असतात. विचारायचं तर त्याला, ज्याच्या कॅमेऱ्याने गोव्यात दोन पावसाळे काढलेत. आमच्या फोंड्याच्या घरात असे खिशात मावणारे कॅमेरे आजवर तीन झाले. पहिला केरीच्या वाळूने नेला, दुसऱ्याच्या लेन्सला कपाटात बसल्या बसल्या बुरशी लागली, आणि तिसरा, सोनीचा आरएक्स१०० मार्क ३, जुना घेतलेला, आज सातव्या वर्षीही चालतोय. म्हणजे पुढचं सगळं दोन कॅमेरे घालवून शिकलेलं आहे. ज्यांनी नुकताच असा कॅमेरा घेतलाय किंवा घ्यायचं चाललंय, त्यांनी तिसऱ्यापासूनच सुरुवात करावी एवढ्यासाठी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भर दुपारी मिरामारच्या किनाऱ्यावर फोन आणि असा कॅमेरा शेजारी शेजारी धरून समोरचा समुद्र टिपलात, तर घरी आल्यावर बहुतेक फोनचाच फोटो बरा वाटेल. फोन आतल्या आत बरीच शिजवाशिजव करतो. कॅमेरा त्याच्या पुढे जातो तो तीन ठिकाणी: खरा झूम लागतो तिथे, खरा फ्लॅश लागतो तिथे, आणि कमी उजेडात समोरचं काहीतरी हलत असतं तिथे. यातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नसेल तर पैसे राहू द्या.

पहिली पायरी: कॅमेरा कुठे जाणार ते ठरवा

दुकानात जाण्याआधी कागदावर पाच जागा लिहा, जिथे पुढच्या वर्षभरात तुम्ही खरोखर जाणार आहात. स्वप्नातल्या नव्हे. माझ्या यादीत चवथीला (गणेशचतुर्थीला) आत्याचं घर, पणजीचा शिगमो (होळीच्या सुमाराचा मिरवणुकांचा उत्सव), म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, तांबडी सुर्लचं देऊळ आणि वर्षातून दोनदा समुद्र एवढंच असतं. पाचातल्या चार जागी उजेड कमी किंवा गर्दी. मला पक्षी टिपायचे नाहीत, त्यामुळे चाळीसपट झूमचं मला काही काम नाही. हे पहिला कॅमेरा घेताना कळलं असतं तर बरं झालं असतं. तो मी फक्त झूमचा आकडा बघून घेतला होता.

आता यादीप्रमाणे कॅमेऱ्यांच्या चार जाती बघू.

पहिली जात लांब झूमवाल्यांची. उदाहरणार्थ कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४०: चाळीसपट झूम, म्हणजे २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंतची पोच (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं), वजन तीनशे ग्रॅमच्या आत. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीतून खंड्या टिपायचा तर असाच लागतो. पण त्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारा तुकडा, जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. आणि झूम पूर्ण ताणला की लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र एफ ६.९ वर येतं; एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी. उन्हात मजा, सावलीत चिखल. पहिल्या आठवड्यात सगळे चंद्राचा फोटो काढून मित्रांना पाठवतात. दुसऱ्या महिन्यात कोणी पाठवत नाही.

दुसरी जात ‘एक इंची’ सेन्सरवाल्यांची. यातला सेन्सर कुठूनही एक इंच नसतो, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, नाव जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या मापावरून चालत आलंय. तरी क्षेत्रफळ आधीच्या जातीच्या चौपट. सोनीने २०१२ मध्ये पहिला आरएक्स१०० काढला तेव्हापासून प्रवासाच्या कॅमेऱ्याचं माप हेच झालं. कॅननचे जी७ एक्स याच घरातले. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा: लेन्सवर लिहिलेला एफ १.८ हा आकडा फक्त सर्वांत रुंद टोकाला खरा असतो. पहिल्या आरएक्स१०० मध्ये पूर्ण झूम केला की एफ ४.९ होतो, म्हणजे आत येणारा उजेड सातपट कमी. मार्क ३ मध्ये झूम कमी, ७० मिलिमीटरपर्यंतच, पण तिथेही एफ २.८ मिळतो. मी तोच घेतला. चवथीच्या दिवशी कमी झूम चालतो, कमी उजेड चालत नाही.

तिसरी जात एकाच नजरेच्या लेन्सची. रिको जीआर ३ हे त्याचं ठळक नाव: सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यातला एपीएस-सी, लेन्स २८ मिलिमीटर, झूम नाही, फ्लॅश नाही, वजन २५७ ग्रॅम. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत फिरायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण एका बॅटरीत दोनशेच्या आसपास फोटो, आणि धुळीच्या बाबतीत हा नाजूक. कुटुंबाच्या सहलीत हा एकटा कॅमेरा नेलात तर मागच्या रांगेतल्या काकू कायम लांबच राहतात.

चौथी जात पाण्यात चालणाऱ्यांची. ऑलिंपसचा टफ टीजी-६, आणि २०२३ पासून ओएम सिस्टमच्या नावाने आलेला टीजी-७. पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो, आणि मुख्य म्हणजे याची लेन्स बाहेर येत नाही. सेन्सर लहान, रात्री फोटो सुमार. पण माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला रंगतो, तेव्हा चिखलात उतरून फोटो काढणारा एवढाच. बाकी सगळे कडेला उभे असतात, कॅमेरा पोटाशी धरून.

लेन्स बाहेर येते की नाही, हे मी मुद्दाम म्हणतोय. गोव्यात या कॅमेऱ्यांचा जीव तिथेच जातो. बटण दाबलं की नळीतून नळी बाहेर येते, बंद केलं की आत जाते, आणि दर वेळी बाहेरची हवा थोडी आत ओढते. त्या हवेत जे असेल ते आत. आमच्याकडे वाळू असते, खार असतो, आणि चार महिने पाणीच असतं.

दुसरी पायरी: जुना घेणार असाल तर

अलीकडे तरुण मंडळींना या छोट्या कॅमेऱ्यांची पुन्हा ओढ लागलीय, त्यामुळे जुन्यांचेही भाव चढलेत. जुना घेण्यात काही वाईट नाही, फक्त पंधरा मिनिटं हातात ठेवून तपासा. आणि तपासायला चहाच्या टेबलावर बसू नका, उघड्यावर जा.

चालू-बंद दहा वेळा करा आणि कान लावा. लेन्सची नळी सरकताना घुर्र असा एकसारखा आवाज यावा. मध्येच करकर आली तर वाळू आहे. कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. मग छिद्र एफ ८ किंवा ११ ठेवून मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो मोठा करून कोपऱ्यांसह बघा. करडे गोल ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स काढून ती झाडता येते. इथे लेन्स निघत नाही, म्हणजे पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. शेवटी लेन्सवर फोनचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. किनाऱ्याजवळच्या घरातला कॅमेरा असेल तर ही तपासणी दोनदा करा.

बॅटरी नेहमी एक जादा घ्या, आणि कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्या. चांगल्या नावाची नकली कार्डं बाजारात बरीच आहेत, आणि नकली कार्ड बरोबर सहलीच्या शेवटच्या दिवशी दगा देतं. नवं कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

तिसरी पायरी: घरीच करून ठेवायच्या चार गोष्टी

तारीख-वेळ बरोबर लावा. फोटोचा दर्जा सर्वांत वरचा जेपेग ठेवा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेली फाइल, शिकायची असेल तर दोन महिन्यांनी. डिजिटल झूम कायमचा बंद करा, तो फोटो कापून मोठा करतो, बाकी काही नाही. आणि कॅमेऱ्यावरची मोड निवडायची चकती ऑटोवरून काढून ‘पी’ वर ठेवा. ‘पी’ मध्ये कॅमेरा बहुतेक कामं स्वतः करतो, पण तुम्हाला उजेड कमी-जास्त करू देतो, आणि पुढची सगळी गंमत त्या एका गोष्टीत आहे.

चौथी पायरी: जुन्या गोव्यातली एक सकाळ

नव्या माणसाला मी नेहमी जुन्या गोव्याला नेतो. सकाळी आठला. कारण तिथे रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल आहे, चुन्याने पांढरंशुभ्र, आणि दुसऱ्या बाजूला बॉम जेझूस बासिलिका, गिलावा उतरवलेली, उघड्या जांभ्याची, तांबूस काळपट. १६०५ सालची ही वास्तू आणि तिच्या भोवतालचा परिसर १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण आपलं काम आज रंगाशी आहे.

आधी कॅथेड्रलकडे तोंड करा, चौकट सगळी पांढऱ्या भिंतीने भरा आणि फोटो काढा. पडद्यावर भिंत मळकट दिसेल, धुवायला टाकलेल्या बनियनसारखी. कॅमेरा बिघडलेला नाही. उजेड मोजणाऱ्या यंत्राला पांढरं, काळं काही कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो, आणि तसं होईपर्यंत उजेड कमी करतो. आता अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात, पण फोटोवाल्या मंडळींच्या तोंडी ‘प्लस कर, मायनस कर’ एवढंच असतं. प्लस ०.७ करा, पुन्हा काढा. भिंत पांढरी झाली. प्लस १.३ करा, आता भिंतीवरच्या कंगोऱ्यांच्या सावल्या उडाल्या. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला त्या उन्हात ०.७ पुरतं. हे लक्षात राहतं, कारण डोळ्यांनी बघितलेलं असतं.

मग मागे वळा. जांभा मध्यम करड्याच्या आसपासच आहे, तिथे शून्यावर ठेवलं तरी चालतं. प्लस तसाच विसरलात तर आभाळ पांढरं फटक होईल, आणि पहिल्या दिवशी तुम्ही विसरणारच. मी अजून विसरतो.

या धड्याचा दुसरा भाग तांबडी सुर्लला. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, भोवती दाट जंगल. इथे उलटं होतं: कॅमेरा काळ्या दगडालाही करडं करायला बघतो आणि सगळं फिकं, धुरकट करून ठेवतो. मायनस ०.७. दगड दगडासारखा काळा, आणि शिखरावरची नक्षी उठून आली. देऊळ पूर्वाभिमुख आहे, तेव्हा दर्शनी बाजूवर ऊन हवं तर सकाळी लवकर पोचा. दुपारनंतर पुढची बाजू सावलीत जाते. दोन्ही ठिकाणी आतल्या पाट्या वाचा, आणि पाटी नसली तरी गर्भगृहाकडे कॅमेरा रोखू नका.

पाण्याचं एक लगेच सांगून टाकतो. साखळीजवळचा हरवळ्याचा धबधबा रेशमासारखा टिपायचा असेल तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सेकंदाच्या चौथ्या भागाइतका उघडा राहावा लागतो, आणि दिवसा त्यात फोटो पांढरा होतो. काही छोट्या कॅमेऱ्यांत यासाठी आतच काळी काच असते, मेनूत एनडी नावाने. मार्क ३ मध्ये आहे, जीआर ३ मध्ये आहे. आरएक्स१०० च्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत काढून टाकली. स्टँड नसेल तर कठड्यावर रुमालाची घडी, त्यावर कॅमेरा, आणि दोन सेकंदांचा टायमर. बोट लागलं तरी थरथर येते, म्हणून टायमर.

पाचवी पायरी: चवथ, माटोळी आणि फ्लॅश

गोव्यातल्या माणसाचा कॅमेरा खऱ्या अर्थाने चवथीला कामाला लागतो. आत्याचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं. देवाच्या खोलीत गणपती, डोक्यावर माटोळी: नारळ, सुपारी, केळीचा घड, आंबाडे, चिबूड, तोरिंग, सगळं लाकडी चौकटीला टांगलेलं. खाली समया, बाजूला कोणीतरी लावलेली निळ्या-लाल दिव्यांची माळ, आणि वर एक पांढरी एलईडी ट्यूब. फोटोच्या दृष्टीने याहून कठीण खोली नाही, आणि घरच्यांना फोटो याच खोलीतला हवा असतो.

पहिला नियम: झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. कारण वर सांगितलंच, रुंद टोकालाच एफ १.८ मिळतो. दुसरा: आयएसओ, म्हणजे कॅमेरा कमी उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, १६०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या, एक इंची सेन्सर ३२०० पर्यंतही निभावतो. लहान सेन्सरवाल्यांनी ८०० नंतर अपेक्षा कमी करावी. तिसरा: फोटोत आडवे काळसर पट्टे येत असतील तर तो ट्यूबचा खेळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, आणि मेनूत मूक किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बंद करा. पट्टे जातात.

आता फ्लॅश. समोरून सरळ मारलात तर गणपतीच्या चेहऱ्यावर तेलकट चमक आणि मागे माटोळीची भुतासारखी सावली. आरएक्स१०० चा फ्लॅश वर उघडतो आणि बोटाने मागे दाबून धरला तर छताकडे बघतो. उजेड छतावर आपटून खाली मऊ उतरतो. ही युक्ती मी पणजीच्या फ्लॅटमध्ये शिकलो, पांढऱ्या स्लॅबखाली, आणि मोठ्या रुबाबात आत्याकडे करायला गेलो. काळीठिक्कर कौलं, वासे, त्यांच्यामध्ये दीडशे वर्षांचा धूर. सगळा उजेड वर गेला तो परत आलाच नाही. आते म्हणाली, “अरे, वीज पडली की काय?” कौलारू घरात फ्लॅश बंदच ठेवायचा, आणि कोणाला तरी बाजूचं दार सताड उघडायला सांगायचं. दारातून येणारा पावसाळी उजेड फुकट असतो आणि त्याच्याइतका सुंदर उजेड विकत मिळत नाही.

फ्लॅशची खरी जागा किनाऱ्यावर आहे, भर उन्हात. हे ऐकून लोक हसतात. पण टोपी घातलेल्या माणसाचा दुपारी फोटो काढा: नाकाखालचं उजेडात, डोळे अंधारात. फ्लॅश ‘ऑटो’वरून ‘कायम चालू’वर न्या आणि दीड-दोन मीटरवरून काढा, डोळे उजळतात, मागचा समुद्र निळाच राहतो. इथे छोटा कॅमेरा मोठ्यालाही मागे टाकतो. याचं शटर लेन्समध्येच असतं, लीफ शटर म्हणतात त्याला. त्यामुळे १/२००० इतक्या वेगातही फ्लॅश बरोबर जुळतो, जिथे बहुतेक मोठे कॅमेरे १/२०० च्या आसपासच अडतात. सूर्य मावळताना पाठीमागे लाल आभाळ आणि पुढे घरची माणसं, हा फोटो तर फ्लॅशशिवाय होतच नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातनंतर. अर्धा तास आधी जागा धरा.

शिगमोच्या मिरवणुकीला वेगळं गणित. रात्र, रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचणाऱ्यांचा मेळा) नाचत पुढे सरकतोय, चित्ररथांवर दिव्यांचा लखलखाट. इथे ‘पी’ सोडून ‘एस’ वर या, जिथे शटरचा वेग तुम्ही ठरवता; सोनीत तेच नाव, कॅननमध्ये ‘टीव्ही’. शटर १/१२५. ढोल-ताशावरचे हात थोडे धूसर येतील, ते येऊ द्या. चेहरे स्थिर आले म्हणजे झालं.

सहावी पायरी: फेरी, बाजार आणि माणसं

फेरीबोटीत नवा माणूस पहिली चूक करतो ती कठड्याला टेकण्याची. इंजिनाची सगळी थरथर कठड्यातून कोपरात, कोपरातून कॅमेऱ्यात. टेकू नका, पाय फाकवून मोकळे उभे राहा, कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास सोडताना बटण दाबा. रायबंदरहून चोडणला जायला मोजकी मिनिटं लागतात, तेवढ्यात वीस फोटो सहज होतात. उन्हात पडद्यावर काही दिसत नसेल तर डोळ्याला लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर किती मोलाचा आहे ते इथे कळतं. मार्क ३ मध्ये तो वर उचलून बाहेर ओढायचा असतो. पहिले सहा महिने मला तो चोचला वाटायचा.

म्हापशाच्या बाजारात कॅमेरा छोटा असल्याचा फायदा आहे, पण त्याचा अर्थ लपूनछपून काढावा असा नाही. एकदा लाल मिरच्यांच्या राशीमागे बसलेल्या बाईंचा फोटो काढायला मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “पयलीं कितें तरी घे, मागीर फोटो काड.” पाव किलो मिरची घेतली. फोटो छान आला, मिरचीही. तेव्हापासून मी आधी खरेदी करतो, मग विचारतो. फोंतेन्हासमध्येही तेच: ती रंगीत घरं म्हणजे लोकांची राहती घरं आहेत, पायऱ्यांवर चढून, खिडकीला रेलून उभं राहणं तिथल्या रहिवाशांना आवडत नाही आणि ते तसं सांगतातही. किनाऱ्यावर उन्हात पडलेल्या किंवा पोहणाऱ्या माणसांचे परवानगीशिवाय फोटो काढू नयेत, अशी सूचना गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढली होती. सूचना नसती तरी हे कळायला हवं. आणि दाबोळीला कॅमेरा पिशवीतच राहू द्या. तो विमानतळ नौदलाच्या तळावर आहे.

सातवी पायरी: वाळू, खार आणि एसी

केरीची गोष्ट सांगतो. पेडण्याच्या टोकाला तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथला तो किनारा. मी पाण्यातून बाहेर आलो, कॅमेरा टॉवेलवर होता, तो उचलून अर्ध्या चड्डीच्या खिशात टाकला. खिशात चिमूटभर वाळू असणार. संध्याकाळी सूर्यास्ताला बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली, करकरली आणि तिथेच थांबली. पडद्यावर ‘लेन्स एरर’. मी तिला बोटाने आत ढकलली. हे तर अजिबात करू नये. उरलेसुरले दातेही मोडले. पणजीच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीचा होता, आणि त्यावर “गॅरंटी नाही” असंही त्याने सांगितलं.

तेव्हापासून किनाऱ्यावर कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत, पिशवी कापडी थैलीत, आणि थैली खुर्चीला टांगलेली. वाळूवर काहीही ठेवायचं नाही, टॉवेलवरही नाही. हात आधी कोरडे, मग कॅमेरा. वारा जोरात असेल आणि वाळू उडत असेल तर लेन्स उघडायचीच नाही. शॅकमध्ये बसा, काहीतरी प्या.

खाऱ्या वाऱ्यात तासभर फिरलं की लेन्सवर चिकट पातळ थर बसतो, फोटो धुरकट यायला लागतात. तो शर्टाच्या टोकाला पुसू नका. थरात वाळूचे कण असतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग श्वासाची वाफ देऊन चष्म्याच्या कापडाने मधून बाहेर असं गोल पुसा. घरी आल्यावर बाहेरचा भाग किंचित ओल्या कापडाने, मग कोरड्याने. टीजी-६ वाल्यांनी कॅमेरा बंद झाकणासह गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, आणि पाण्यात नेण्याआधी बॅटरीच्या झाकणाची रबरी कड बोट फिरवून बघायची. एक केस अडकला तरी पाणी आत जातं, आणि मग पंधरा मीटर हा आकडा फक्त खोक्यावर उरतो.

एसीचं लोकांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात एसी गाडीतून उतरलात, कॅमेरा काढलात, की गार काचेवर बाहेरची दमट हवा धुकं धरते. पुसलं तरी पुन्हा धरते, आणि तशी लेन्स आत-बाहेर केलीत तर ओल आत जाते. उपाय फुकट आहे: उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करा, आणि बाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. धुकं पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं.

आठवी पायरी: जून ते सप्टेंबर

माझा दुसरा कॅमेरा लाडामुळे मेला. चामड्याची सुंदर पेटी घेतली होती, त्यात घालून लाकडी कपाटात कपड्यांखाली ठेवला, जूनच्या पहिल्या पावसाला. सप्टेंबरात काढला तर पेटीवर हिरवी लव आणि लेन्सच्या आतल्या काचेवर पांढरे धागे. चामडं, कापड, लाकूड तिन्ही ओल धरून ठेवतात, आणि बुरशीला अंधार आणि ओल एवढंच लागतं.

आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलच्या चार पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी असेल तोवर ठीक, हिरवं झालं की मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत टाका. बाजारात छोटं आर्द्रता मापक मिळतं, तेही आत टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की झालं. तांदूळ टाकू नका. त्याची पीठासारखी भुकटी लेन्सच्या नळीत जाते. आमच्या घरी हा डबा आईला फार आवडला आणि एका जुलैत मला कॅमेऱ्याशेजारी अर्धा किलो पापड सापडले. तिचं म्हणणं, दोघांना एकाच गोष्टीपासून जपायचंय. तर्क बिनतोड होता, पण मिरीचा वास कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अजून येतो.

पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप पडलेल्या दुपारी कॅमेरा बाहेर काढून चालू करा, झूम पूर्ण आत-बाहेर करा, दहा फोटो काढा. न वापरलेला कॅमेरा वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो. बॅटरी अर्धी भरून वेगळी ठेवा. मात्र बॅटरी महिनोन् महिने बाहेर राहिली की आतलं घड्याळही थांबतं, आणि चवथीच्या आदल्या रात्री घाईघाईत घातलीत की कॅमेरा तारीख विचारतो. मी तेव्हा ‘नंतर’ म्हणून पुढे गेलो. गेल्या वर्षीच्या माटोळीचे माझे निम्मे फोटो १ जानेवारीचे आहेत.